पाव जिवाची बाहुली

नारा, ५ नोव्हेंबर २०२३

चि. केंगो,

ताईचे आशीर्वाद. तू खुशाल आहेस असं मी धरूनच चालते, कारण तू काही आपणहून कळवायचा नाहीस. इकडे आम्ही दोघी ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड त्याहून जास्त चालतं, तेव्हा काळजी नको. माझं वाचनालय आणि घर, घर आणि वाचनालय. यंदा परसातल्या पर्सिमनच्या झाडाला इतकी फळं लागली की सोलून सोलून बोटं काळी पडली. दोरीला बांधून वाळत घातलीत, वाळली की तुला पाठवते. होक्काइदोला बर्फ सुरू झाला असेल ना? तुझ्या गोठ्यातल्या गाईंना थंडी वाजते का, असं आई विचारते. मी म्हटलं, गाईंचं सोड, त्याला वाजते का ते विचार.

आई अजून लाल माकडं शिवते. हात थरथरतात, त्यामुळे काही माकडं जरा तिरपी होतात. पण गल्लीत अजून सगळ्यांच्या दारावर तिचीच माकडं. घरात जितकी माणसं तितकी वळचणीला टांगायची, येणारं संकट माणसाऐवजी माकडानं झेलायचं. आपल्या दारावर तीन आहेत. बाबांचं काढलं. तुझं तसंच आहे. तू इथं राहत नाहीस म्हणून ते काढू या, असं शेजारच्यांनी सुचवलं, तर आईनं त्यांना असं काही झापलं की ते आठवडाभर नमस्कारही करत नव्हते.

बरं. बातमी एकच आहे, आणि ती सांगायलाच बसलेय. समोरच्या इसोगाई काकू आल्या होत्या. आपल्या दारात. पंचवीस वर्षांनी.

मी दार उघडलं तर त्या उभ्या. हातात बिस्किटांचा जुना डबा. म्हणाल्या, "मायु, चहाबिहा नको हं. दोन मिनिटं बसते." मग डबा उघडला. आत ती कॅसेट. त्यांच्या गेलेल्या लेकाच्या, शुन्पेईच्या व्हिडिओगेमची. त्याच्या अक्षरात नाव लिहिलेली चिठ्ठी अजून चिकटलेली आहे, फक्त पिवळी पडलीय.

"वसंतात एकदा यंत्रात घालून बघितली," त्या म्हणाल्या. "किती वर्षांनी हात लावला. पडदा कोरा. दुकानात नेली तर तो मुलगा म्हणतो, आजी, आतला सेल संपला. वीस-पंचवीस वर्षांत संपतोच, जपून ठेवली असती तरी खेळाची नोंद गेलीच असती." मग डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "म्हणजे बघ. जे आपोआप जाणारच होतं ते दहा वर्षांच्या केंगोच्या हातून गेलं. आणि मी त्याला भर रस्त्यात काय बोलले!"

काय बोलल्या ते त्यांनी उच्चारलं नाही. मीही नाही. आपल्या तिघांनाही पाठ आहे.

त्यांना तुझा पत्ता हवा होता. माफी मागायचीय म्हणाल्या. मी दिला. दुसरं काय करणार होते?

जाता जाता त्यांनी विचारलं, "अगं, शुन्पेई सारखा बाहुली बाहुली करायचा. ‘आई, तोफू बाहुलीमागं आहे, त्याला काही होत नाही!’ मी शाईच्या कांड्यांसाठी काजळीचा गोळा मळता मळता हं हं करायचे. काय असायची गं ती बाहुली?"

आता काय सांगणार, कप्पाळ! पण सांगितलं. म्हटलं, काकू, दोघांचे राक्षस समोरासमोर लढतात. तोफू हा शुन्पेईचा राक्षस, पांढरा, थुलथुलीत, जीव मोठा पण मार देता येईना. त्याला एक डाव यायचा. स्वतःच्या जिवातला पाव हिस्सा काढायचा, त्याची बाहुली करायची आणि पुढं उभी करायची. मग समोरचा कितीही तुटून पडो, मार बाहुलीवर. विष बाहुलीवर, गुंगी बाहुलीवर. बाहुली फुटेपर्यंत मागचा सुखरूप. फक्त आवाजाचे वार तेवढे आरपार जातात.

"आणि फुटली की?"

"की पुन्हा पाव जीव काढायचा. पण पाव शिल्लक असायला हवा ना! नसला तर बाहुली होतच नाही."

काकू म्हणाल्या, "म्हणजे फुकट काही नाही." आणि गेल्या.

केंगो, त्यांचं पत्र तुला येईल. माझं एवढंच म्हणणं आहे की चार ओळी लिही. ‘काकू, झालं गेलं विसरा’ एवढंसुद्धा पुरे. त्यांना बरं वाटेल. सत्तरी आली त्यांची. खेळ पुसला गेला (पुसला गेला, असंच म्हणू या), आता तर सेलही संपला, कॅसेटमध्ये कुणाचंच नाव उरलं नाही. कशाला उकरायचं? तुला सगळं समजतंच. तू नेहमीच समजूतदार होतास.

स्वेटर घालत जा.

तुझी ताई

---

नारा, २३ नोव्हेंबर २०२३

केंगो,

तुझं कार्ड मिळालं. पुढं गाईचं चित्र, मागं दोन ओळी. आईनं अक्षर बघूनच कार्ड छातीशी धरलं. चष्मा नव्हता तिच्याजवळ. "काय म्हणतो?" म्हणाली. मी म्हटलं, "गाई मजेत आहेत म्हणतो."

‘ताई, पाव जीव शिल्लक नसला की बाहुली होत नाही. नियम तुला माहीत आहे.’

नऊ दिवस ते कार्ड माझ्या वहीत आहे. पहिले दोन दिवस मला तुझा राग आला. खोटं कशाला बोलू? एवढं काय मागितलं होतं मी, असं वाटलं. मग एकदा वाचनालयात पुस्तकं लावता लावता माझंच पत्र मला आठवलं आणि तिथंच शिडीवर बसले. मी तुला पुन्हा एकदा पुढं उभं करत होते. पस्तीस वर्षांच्या माणसाला. वर सांगत होते, स्वेटर घाल.

तेव्हा आता मी लिहिते, सगळं, जसं झालं तसं. तुला माहीत आहे त्यातलं बरंचसं. एक गोष्ट नाही.

शुन्पेई गेला त्या उन्हाळ्यानंतर काकू रोज चार वाजता, त्याच्या शाळेतून यायच्या वेळी, ते यंत्र सुरू करायच्या. खेळता येत नव्हतं त्यांना. नुसतं त्याचं नाव बघायच्या आणि त्याखालचा आकडा. खेळलेला वेळ, एकशे बारा तास. मग दर रविवारी कॅसेट तुझ्याकडं द्यायच्या. "घेऊन जा रे, तोफूला गंज चढायला नको." दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. तू त्याचा मित्र होतास म्हणून.

आणि तू दर रविवारी मला हरवायचास. मी सहावीत, तू चौथीत, दोघांची यंत्रं वायरनं जोडून समोरासमोर. माझा राक्षस आग ओकतोय आणि तुझा तो ढिम्म तोफू बाहुलीमागं बसलाय. मी ओरडायचे, "भित्र्या! समोर ये की!" तू शांतपणे म्हणायचास, "ताई, हा पण डावच आहे." तो रविवार आठवतो ना? मी सलग पाच वेळा हरले होते. आईनं हाक मारली, फळं उतरवायला ये, म्हणून तू खाली गेलास.

मी कॅसेट माझ्या यंत्रात घातली. नवा खेळ सुरू केला. नाव विचारलं, मी ‘मायु’ लिहिलं. मग नोंद करायला गेले तेव्हा पडद्यावर ओळ आली, ‘आधीची नोंद पुसली जाईल. चालेल?’

तुला मी रडत रडत काय सांगितलं? चुकून झालं, कळलंच नाही. तू विश्वास ठेवलास. आजही ठेवला असशील.

केंगो, मी ती ओळ वाचली होती. दोनदा वाचली. मला वाचता येत नव्हतं थोडंच! तोफू नको होता मला. तो काकूंचा आहे, शुन्पेईचा आहे, हे काही त्या क्षणी डोक्यात नव्हतं. फक्त पुढच्या रविवारी तो नसेल, एवढंच. मी ‘हो’ दाबलं.

मग मात्र घाबरले. तू वर आलास तर मी कपाटाला टेकून बसले होते. तू पडदा बघितलास. तुझे ओठ पांढरे झाले. तू कॅसेट घेतलीस, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलीस, माझं नाव घालवलंस, तिथं ‘केंगो’ घातलंस आणि नोंद केलीस. "आता मी केलं असं झालं," म्हणालास. मी म्हटलं, "तुला मारतील." तू म्हणालास, "काकू मला नाही मारणार. मी बाहुली होतो, ताई. दोन दिवसांचं तर आहे."

नियमाप्रमाणे पाव जीव माझा जायला हवा होता. माझा केसही वाकडा झाला नाही. सगळा तुझाच गेला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी चार वाजता यंत्र सुरू केलं. मी वर होते, खिडकीच्या पडद्यामागं. खाली रस्त्यात त्या तुझ्यासमोर उभ्या, सगळी गल्ली दारात. "एकदा गेला होता तो. तू त्याला दुसऱ्यांदा मारलंस." तेवढा आवाज मला आरपार पोचला. मी कानावर हात ठेवले. खाली आले नाही.

मग तो सगळा हिवाळा तू शाळेच्या आधी त्यांच्या उंबऱ्यापुढं जाऊन उभा राहायचास. त्या दार उघडत नसत. शाळेतली पोरं तुला काय नावानं हाक मारायची ते मी लिहीत नाही. वसंतात तू शाळाच सोडलीस, खोलीचं दार लावून घेतलंस आणि अठराव्या वर्षी जे दार उघडलंस ते थेट होक्काइदोच्या गाडीत बसायला. बाबा म्हणायचे, पोराला गुन्हा खातोय. मी भात वाढत असायचे.

शनिवारी मी काकूंकडं गेले.

शाईचा हंगाम सुरू आहे, त्या कागदात कांड्या गुंडाळत बसल्या होत्या. शेजारी तुला लिहिलेलं पत्र, पाकिटात घातलेलं. म्हणाल्या, "धीरच होत नाही टाकायचा. तूच टाक ना." मी हात पुढं केला नाही. गुडघे टेकून सांगितलं, "काकू, केंगोनं नाही. मी."

त्यांचे हात थांबले नाहीत. दोन कांड्या गुंडाळून झाल्या. मग विचारलं, "ती ओळ येते पडद्यावर. पुसलं जाईल, चालेल का. ती वाचलीस?"

"वाचली."

"आणि?"

"हो दाबलं."

मला वाटलं ओरडतील. मारतील तर बरं, असंही वाटलं. त्या नुसत्या माझ्याकडं बघत होत्या, जसं काही मी कोण ते ओळखायचा प्रयत्न चाललाय. मग म्हणाल्या, "पंचवीस वर्षं लागली गं मला एकाला माफ करायला. आता पुन्हा पहिल्यापासून रागवायचं. तेवढं आयुष्य कुठाय माझ्याकडं?"



त्यांनी तुझं पाकीट उचललं, फाडलं नाही, बाजूला ठेवलं. "हे चुकीचं झालं. माफी वेगळी लिहायला हवी." मग दाराकडं बोट केलं. "तो रोज तिथं उभा राहायचा. मी आतून बघायचे. तू कुठून बघायचीस?"

"वरच्या खिडकीतून."

"जा आता," म्हणाल्या.

घरी येऊन आईला सांगितलं. ती उठली. शिवणाची टोपली घेऊन खाली गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी वळचणीचं माझं माकड काढायला स्टूल घेतलं, तेव्हा मात्र खालून म्हणाली, "अगं, उघड्यावर पडशील." मी म्हटलं, "पडू दे." तिनं स्टूल धरून ठेवलं.

आता रोज सकाळी साडेसातला मी काकूंच्या उंबऱ्यापुढं जाऊन उभी राहते. आज चौथा दिवस. दार उघडलेलं नाही. गल्लीतली माणसं बघतात, कुणी विचारलं तर सांगते कशासाठी ते. थंडी पायातून वर चढते रे. तू किती लहान होतास.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाहीये. एक गोष्ट तुला विचारायची होती, आणि आता विचारायची गरज उरली नाही.

त्यांच्या दाराला काच आहे. दाराकडं तोंड करून उभं राहिलं की काचेत मागचं आपलं घर दिसतं. वळचणीची माकडं दिसतात. वरची खिडकी दिसते, आणि पडद्याची कडसुद्धा. मला इतकी वर्षं वाटायचं, तू एकदाही मागं वळून बघितलं नाहीस, म्हणजे मी तिथं असायचे हे तुला माहीत नव्हतं.

तू रोज मला बघत होतास, केंगो.

खिडकीचा पडदा मी काल काढून टाकला. पर्सिमन अजून वाळायचेत, वाळले की पाठवीन. तू उत्तर लिहू नकोस. लिहावंसं वाटलं तर आईला लिही.

आडोसा नसलेली,
तुझी ताई
मायुको