दादाच्या करंगळीची हवापालट

ता. ३ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

माझ्या करंगळीची जखम तीन महिने झाले तरी भरत नाही. साखरेमुळे असं होतं म्हणतात. म्हणून डॉक्टरांनी मला एका लोखंडी खोलीत बसवायचं काढलं आहे. आत सहा पेशंट, दार घट्ट बंद, हवेचा दाब वाढवायचा आणि मास्क लावून दीड तास नुसता ऑक्सिजन ओढायचा. त्याने जखम भरायला मदत होते. अशा तीस बैठका आहेत. पहिल्या दिवशी कानाला दडे बसले, तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, आवंढा गिळा. मी इतके गिळले की घरी येऊन जेवलोच नाही.

आत डोक्याला तेल नको, घड्याळ नको, काडेपेटी नको, पायात काही नको. चाळीस वर्षं लोकांना जोडे शिवून देणाऱ्याला अनवाणी बसवलंय. जखम टेबलाचा पाय लागून झाली, तेव्हा उगाच चौकशा नकोत. माया आहे तशीच ठेव.

तुझा दादा

ता. ९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

टेबल तीन महिने रोज त्याच करंगळीला लागतं का? वहिनीचं पत्र तुझ्या आधी पोचलं. तू स्वतः शिवलेले ते निमुळते काळे बूट चावतात म्हणे. दवाखान्यात सैल सपाता घालून जातोस आणि दुकानात पोचलास की पुन्हा बूट चढवतोस, कारण गिऱ्हाइकं काय म्हणतील. दीड तास करंगळीला प्राणवायू द्यायचा आणि उरलेला दिवस तिचा गळा आवळायचा, ही कुठली रीत?

असंच चाललं तर करंगळी काढावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. तू ते मला लिहिलं नाहीस. मला फार भीती वाटते, दादा. चेष्टा करते आहे ती त्यामुळेच. वहिनीला नमस्कार, तुझ्यावर राग आणि लोभ दोन्ही.

तुझी चिमणी

ता. २ एप्रिल

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

चुगली केली म्हणून तुझ्या वहिनीशी मी दोन दिवस बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

त्या खोलीत वाचायला काही नेता येत नाही आणि तोंडावर मास्क, त्यामुळे मी समोरच्यांचे पाय बघत बसतो. निवृत्त हेडमास्तरांचे पाय पाहून झाले, कंडक्टरचे झाले, शेवटी स्वतःच्या पायाकडे नजर गेली. असा पाय गिऱ्हाइकाचा असता तर मी त्याला ते बूट दिलेच नसते. बाहेर येऊन माप घेतलं. ज्यावर माझे बूट शिवतो तो लाकडी साचा लग्नाच्या वर्षीचा, आणि पाय त्याहून चांगला बोटभर रुंद निघाला. इतकी वर्षं मी चामड्याला शिव्या घालत होतो. गिऱ्हाइकाचं माप दर खेपेला नव्याने घेतो, घरच्यांचं कशाला घ्यायचं, असं वाटायचं.

नवा साचा केला, नवे बूट शिवले. होडीसारखे दिसतात, पण घालतो. जखम आता तांदळाच्या दाण्याएवढी उरली आहे आणि करंगळी राहते म्हणाले डॉक्टर. ते ऐकून दवाखान्यातच माझे डोळे भरून आले.

तुझा साचाही कॉलेजातलाच आहे. दरवर्षी चपला पाठवतो, पण तुझी कधी तक्रार नाही, म्हणजे पाय तसाच असणार. तरी खात्रीसाठी कागदावर पाय ठेवून रेघ मारून पाठव. म्हाताऱ्या भावावर लोभ असू दे.

तुझा दादा

ता. ८ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत पाय पाठवते आहे. एका कागदात मावला नाही, दोन जोडले.

सत्तावीस वर्षं तुझ्या चपला मी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पिशवीतून काढून पायात चढवते आणि दारात उतरवते. वहिनीला माहीत आहे. मागच्या खोलीत तीच मला गरम पाण्याचं घमेलं देते. मी आले की तू आधी माझ्या पायांकडे बघतोस, मग तोंडाकडे, आणि इतका खूश होतोस की सांगायचा धीरच झाला नाही.

नव्या चपला आल्या की तुला भेटायला निघते. या वेळी आमच्या दारापासूनच त्या घालून येईन. लोभ आहे तेवढा पुरे, चपला मात्र ऐसपैस असाव्यात, ही विनंती.

तुझी चिमणी