मोठा बास कसा पकडावा आणि टेलरने कसा दगा दिला

रविवार, ३ मार्च. पहाटे ५.०५
आजपासून रोजनिशी. विषय एकच: तलावातला मोठा बास मासा. आमच्या गळ क्लबचं वार्षिक व्याख्यान २० एप्रिलला आहे, ‘मोठा बास कसा पकडावा’. नियम असा की १४ एप्रिलपर्यंत ज्याचा मासा सगळ्यांत जड भरेल, तो बोलणार. म्हणजे मीच. या विषयावर माझ्याइतका विचार क्लबात कोणी केलेला नाही. एक्केचाळीस युक्त्या लिहून तयार आहेत. मासा पकडणं तेवढं बाकी आहे.

टेलर, म्हणजे माझे कपडे शिवणारा आणि गळ टाकायला सोबत येणारा मित्र, खाली उभा राहून शिट्टी वाजवतोय. अठरा वर्षं दर रविवारी वाजवतो. युक्ती क्र. ४, संपूर्ण शांतता, ही त्याच्या डोक्यात काही शिरत नाही.

त्याच दिवशी, दुपारी १
मासा नाही. वारा चुकीचा होता. युक्ती क्र. ९ मध्ये वाऱ्याबद्दल सगळं लिहिलंय, पण वारा ऐकेल तर ना.

टेलरला दोन मिळाले. लहानच. गांडूळ लावून कोणीही पकडेल. माझा नकली मासा परदेशी बनावटीचा आहे, पाण्यात शेपूट हलवतो. टेलर म्हणाला, एवढा सुंदर आहे की खरे मासे लाजत असतील. जळतो.

बुधवार, ६ मार्च
ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाकलेल्या झाडाखालच्या माझ्या गुप्त जागेचा विषय निघाला. मीच काढला. फक्त आमच्या रेकॉर्ड सेक्शनमधल्या नऊ जणांना सांगितलं आणि प्रत्येकाला वेगळं बजावलं की कोणाला बोलू नका. विश्वासाची माणसं आहेत.

रविवार, १० मार्च. सकाळी ६.३०
गुप्त जागेवर पाच माणसं. घडीच्या खुर्च्या टाकून. एकाने छत्रीही रोवली होती. माझ्या पायांखालची जमीनच सरकली.

ही जागा जगात फक्त तिघांना माहीत आहे. आमची ही, मेव्हणा आणि टेलर. ऑफिसवाल्यांचा प्रश्नच येत नाही, ते मासे पकडत नाहीत. खुर्चीवाल्यांपैकी एक आमचा डिस्पॅच क्लार्क होता, हा योगायोग. त्याने मला ‘या साहेब’ म्हणून थोडी जागाही करून दिली. माझ्याच जागेत.

टेलर म्हणाला, जाऊ दे रे, तलाव मोठा आहे. एवढ्या शांतपणे म्हणाला की मला तेव्हाच शंका आली.

सोमवार, ११ मार्च
विचार केला. ही फोडणार नाही, कारण मी जागेचं वर्णन करत असताना ती झोपली होती. मेव्हणा फोडणार नाही, त्याला स्वतःच्या मुलांचे वाढदिवस आठवत नाहीत. उरला कोण?

ज्या माणसाने सव्वीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलंय त्याला फाइल कुठून फुटली हे वासावरून कळतं.

मंगळवार, १२ मार्च
सापळा लावला. तिघांना तीन वेगवेगळ्या खोट्या जागा सांगितल्या. जिथे गर्दी दिसेल, त्या जागेचा माणूस फितूर. साधा आणि बिनतोड प्लॅन.

हिला सांगितलं पंपहाऊसच्या मागे. ती म्हणाली, त्याच रस्त्याने येताना दूध घेऊन या. मेव्हण्याला फोनवर सांगितलं पुलाखाली. तो म्हणाला, बरं बरं, आणि त्याच्या नव्या गुडघ्याबद्दल अर्धा तास बोलला.

टेलरकडे मुद्दाम दुकानात गेलो. त्याला सांगितला जुन्या धक्क्याचा कोपरा. गुडघाभर पाणी आणि नुसतं शेवाळ. तिथे आजवर कोणी बेडूकसुद्धा पकडला नसेल. आवाज खाली आणून म्हणालो, ही जागा फक्त तुला सांगतोय. त्याने कात्री खाली ठेवली. मग म्हणाला, अरे पण व्याख्यान तुला द्यायचंय ना, मग तूच बस तिथे. मी म्हटलं, नाही, तू बस. तो म्हणाला, तू असं काही करशील असं वाटलं नव्हतं.

मला वाटलं, सापळा ओळखला याने. पण त्याचा अर्थ वेगळा असावा.

रविवार, १७ मार्च. सकाळी ९
सर्दीचं निमित्त सांगून घरी राहिलो आणि मागच्या रस्त्याने तलावाच्या पलीकडच्या काठाला जाऊन झुडपात बसलो. दुर्बीण नेली होती.

पंपहाऊस: कोणी नाही. पूल: कोणी नाही. धक्क्याचा कोपरा: टेलर. एकटा.

सापडला. मी ज्याला जी जागा सांगितली, त्याच जागेवर तोच माणूस बसला. याहून ढळढळीत पुरावा काय असतो?

त्याच दिवशी, दुपारी
टेलर सर्दीची चौकशी करायला घरी आला. लिंबं आणि मध घेऊन. पायांना सगळं शेवाळ. दाराबाहेर धुवायला लावले हिने. मी खोकलो. तो म्हणाला, तुझ्या जागेत आज काही लागलं नाही, पण तू सांगितलीस म्हणजे काहीतरी असणारच, पुढच्या रविवारी परत बसतो. काय बेमालूम नाटक करतात माणसं.

रविवार, २४ मार्च. दुपारी १२
लिहायला हात चालत नाही.

टेलरला बास लागला. चार किलो दोनशे. धक्क्याच्या कोपऱ्यात. गांडुळावर. सकाळी सव्वाअकराला, लख्ख उन्हात, पांढरा शर्ट घालून, गुणगुणत. म्हणजे युक्ती क्र. ४, ११, १७, २३ आणि ३० एकाच वेळी पायदळी तुडवून.

मी समोरच्या झुडपातच होतो. मासा वर आल्यावर त्याने पहिली गोष्ट काय केली, तर खिशातून फोन काढला. आणि माझ्या खिशातला फोन वाजला. सायलेंटवर टाकायचा राहिला होता. तलावावर आवाज फार लांब जातो. टेलरने मान वर करून पलीकडे पाहिलं, अगदी माझ्याच झुडपाकडे. मी उचलला. तो जरा थांबून म्हणाला, मासा लागलाय, तुझ्याच जागेत. बरा आहेस ना? मी म्हणालो, अंथरुणात आहे. तो म्हणाला, मग पड, आराम कर, ऊन लागेल.

मला पाहिलं नाही, हे नशीब.

सोमवार, २५ मार्च
ही म्हणते, एवढा जिवाभावाचा माणूस, जाऊन अभिनंदन करा. मी म्हणालो, तुला यातलं काही कळत नाही. ती म्हणाली, बासचं मला कळत नाही, पण तुमचं आता बास झालं एवढं कळतं. घरातूनही साथ नाही.

गुरुवार, २८ मार्च
तक्रार अर्ज तयार. चार पानं, तीन प्रती. प्रति, सेक्रेटरी, गळ क्लब. विषय: सभासदाने केलेला विश्वासघात.

मुद्दा १: सदर जागा माझी खासगी माहिती होती. मुद्दा २: सदर जागा मी खोटी म्हणून सांगितली होती, ती खरी निघाली, म्हणजे अर्जदाराची दुहेरी फसवणूक झाली. मुद्दा ३: सदर इसम माझ्यासोबत अठरा वर्षं केवळ जागा हेरण्याच्या हेतूने वावरला. मुद्दा ४: मासा बाद करून व्याख्यान अर्जदाराला द्यावं. मुद्दा ५: सदर इसमाला क्लबातून काढावं.

‘अस्तनीतला निखारा’ हा शब्दप्रयोग घातला. लिहिताना लक्षात आलं की माझ्या सगळ्या अस्तन्या त्यानेच शिवलेल्या आहेत. जखम आणखी खोल गेली.

शुक्रवार, २९ मार्च
अर्ज दिला. सेक्रेटरी दातांचे डॉक्टर आहेत. एका बाईचं तोंड उघडं ठेवून त्यांनी पहिलं पान वाचलं. म्हणाले, हे खरंच द्यायचंय का? दोन दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये राहू दे, मग बोलू. मी म्हणालो, पोच द्या. शिक्का नव्हता, सही दिली. खुर्चीतल्या बाई माझ्याकडे विचित्र बघत होत्या. भूल दिलेली असावी.

रविवार, ३१ मार्च
सर्दी चालूच आहे असं कळवलं. एकटाच दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो. एक फांदी मिळाली.

रविवार, ७ एप्रिल. पहाटे ५.३०
टेलर खाली येऊन शिट्टी वाजवत होता. गेलो नाही. ही खिडकीत जाऊन म्हणाली, भावजी, यांना बरं नाही. तो म्हणाला, असू दे वहिनी, मी थांबतो थोडा. पंचवीस मिनिटं थांबला. मी पडद्याआडून वेळ मोजली.

दगाबाज माणसाला एवढा पीळ कसा असतो कळत नाही.

रविवार, १४ एप्रिल. सकाळी १०
शेवटची तारीख. आज माझ्या परदेशी माशाला अखेर बास लागला. वजन नऊशे ग्रॅम. क्लबच्या चौकीदाराने ओली जाळी काढून परत काट्यावर ठेवला. दोनशे ऐंशी ग्रॅम. काटा जुना आहे.

टेलर आजही खाली येऊन गेला म्हणे. मी आधीच मागच्या दाराने निघालो होतो. अजून क्लबकडून निकाल नाही. कार्यालयीन कामाला वेळ लागतो, मला माहीत आहे. पण अर्जात दम आहे.

शुक्रवार, १९ एप्रिल
पत्रक आलं. वक्ता: टेलर. माझ्या अर्जाचा उल्लेख नाही.

उद्या जाणार. पहिल्या रांगेत बसणार. एक्केचाळीस युक्त्या सोबत नेणार आणि तो जिथे जिथे चुकेल तिथे हात वर करणार. क्लबला कळू दे की त्यांनी काय गमावलं.

शनिवार, २० एप्रिल. सायंकाळी ७.१५
हॉल भरला होता. टेलर उभा राहिला. हातात कागद नाही. मी पेन उघडून तयार.

तो म्हणाला, मला बासमधलं काही कळत नाही. मी शिलाई करणारा माणूस. मला पाण्याजवळ बसायला आवडतं, आणि एक मित्र आहे त्याच्याबरोबर बसायला आवडतं. त्याला कळतं. तो या विषयाचा अभ्यास करतो, मी ऐकतो. हे व्याख्यान त्याला करायचं होतं, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तरी त्याने त्याची जागा मला दिली. दुकानात येऊन दिली. मला आयुष्यात पुष्कळ लोकांनी कपडे शिवायला दिले, स्वतःचं काही दिलेलं फारसं आठवत नाही. तेव्हा मोठा बास पकडायची एकच युक्ती मला माहीत आहे, असा मित्र असावा.

मग म्हणाला, तो समोरच बसलाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्याने मला दंडाला धरून उभं केलं. मी नमस्कार केला. काय करणार.

हात एकदाही वर केला नाही.

चहाच्या वेळी सरळ डॉक्टरांना गाठलं. म्हणालो, तो अर्ज द्या परत, रागाच्या भरात लिहिला होता, फाडून टाकतो. डॉक्टर म्हणाले, माझ्याकडे नाही. मग कुठे आहे? म्हणाले, नियमच आहे, ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याला वाचायला द्यावी लागते. दोन दिवस वाट पाहिली, तुम्ही फिरकला नाहीत, म्हणून दिला.

कधी?

मार्चच्या ३१ तारखेला, म्हणाले. संध्याकाळी त्याच्या दुकानात बसून वाचला त्याने. चारही पानं. मग फक्त विचारलं, हा अर्ज सगळ्यांना दाखवणार का? मी नाही म्हणालो, तेव्हा बरं म्हणाला.

३१ मार्च. म्हणजे ७ तारखेला खाली उभा होता तेव्हा त्याला माहीत होतं. १४ तारखेला माहीत होतं. आणि आज बोलताना.

त्याला शोधलं. तो निघून गेला होता. मला फार वाईट वाटलं. फार म्हणजे फारच. हिला सांगितलं नाही.

रविवार, २१ एप्रिल. पहाटे ४.४०
तयार होऊन बसलोय. तो आला की खाली जाऊन आधी मीच बोलणार. काय बोलायचं ते मुद्दे काढून ठेवलेत.

५.०५
उशीर झाला असेल. काल दमला.

५.४०
ही उठली. म्हणाली, कोणाची वाट बघताय? मी म्हणालो, कोणाची नाही.

७.१५
कपडे बदलले.

मंगळवार, २३ एप्रिल
दुकानात गेलो. नुसतं कसं जायचं म्हणून जुनी पँट नेली, कंबर सैल करायला.

वागणूक अत्यंत चांगली होती. या, बसा, म्हणाला. दुसरं गिऱ्हाईक आधी आलं होतं, त्याचं झाल्यावर माझ्याकडे वळला. मी म्हणालो, त्या अर्जाचं असं आहे की. तो म्हणाला, कंबर किती सोडायची? मी म्हणालो, तुला माहीतच आहे. त्याने टेप काढला आणि मोजली. इतकी वर्षं नजरेनेच करायचा.

मी पुन्हा म्हणालो, रविवारी. तो म्हणाला, रविवारी दुकान उघडं असतं आता, काम वाढलंय.

छान झालं, धंदा वाढतोय. मी तसं म्हणालोही. मग जरा वेळ उभा राहिलो.

त्याने पावती फाडून दिली. पँट गुरुवारी मिळेल. येताना पावती आणा, म्हणाला, त्याशिवाय देता येत नाही.