पाय टेकव

सिंदी मेघे, वर्धा
१९ नोव्हेंबर

प्रिय मैत्रेयी,

तुझा पाय कसा आहे ते आईकडून रोज कळतं. फोनवर तुझा नंबर काढतो आणि न लावताच ठेवून देतो, म्हणून लिहितोय. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचाय असं सांगून मी कुल्लूहून निघालो, ते निमित्तच होतं. दाखला हल्ली मोबाइलवरूनही देता येतो, हे तुझ्या आईलाही ठाऊक आहे. तरी बँकेत गेलो. यंत्रावर अंगठा ठेवायचो आणि लगेच उचलायचो, तीनदा ठसा उमटेना. तिथली मुलगी म्हणाली, "काका, काऊन घाबरून राह्यले? जिवंत तर आहे ना तुम्ही!" सगळे हसले. मी मात्र चौथ्यांदा अंगठा ठेवला.

आठ दिवस झाले तरी ती सकाळ डोळ्यांसमोरून हलत नाही. राफ्टिंग गाइड होण्याची तुझी ती शेवटची परीक्षा. तू सहा प्रवाशांना नियम सांगत होतीस आणि मी मागे उभा राहून शेरे मारत होतो. पाण्यात पडलात तर पाठीवर तरंगा, पाय वर आणि पुढे ठेवा, पाणी कमरेएवढं असलं तरी उभं राहू नका. दगडांत पाय अडकला की मागचं पाणी माणसाला पालथं पाडून दाबून धरतं. हे ऐकून मी तुझ्या आईला म्हटलं, "एवढुशा पाण्यात उभं नाई राह्यचं, तर काय झोपायचं?" शाळेत पीटी शिकवता शिकवता मी अर्ध्या वर्ध्याला पोहायला शिकवलंय. मला कोण नदी शिकवणार, ही माझी घमेंड!

तुलाही सातव्या वर्षी पवनारला धाम नदीत मीच उतरवलं होतं. आपण उतरायचो तिथे तळाला वाळू होती. तू गटांगळी खाल्लीस की मी काठावरून ओरडायचो, "पाय टेकव!" आणि तू टेकवायचीस. विचार न करता, लगेच. त्याचं मला केवढं कौतुक होतं.

बियासमध्ये राफ्ट खडकावर आदळली आणि मागे बसलेली तू उसळून बाहेर पडलीस. पाणी उतरलेलं होतं, जागोजागी दगड वर आलेले. तू अगदी नियमाप्रमाणे पाठीवर, पाय वर करून काठाजवळून वाहत येत होतीस. मला वाटलं, पोर बेशुद्ध पडली. मी काठावरून जीव खाऊन ओरडलो, "मैत्रेयी, पाय टेकव!" तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस आणि पाय खाली सोडलेस. पुढच्या क्षणी तू पालथी झालीस, पाण्यावर नुसतं लाल हेल्मेट. तुझे परीक्षक ठाकूर सर काठावर आणि एक गाइड दगडावर, मध्ये दोर ताणून त्यांनी तुझं तोंड पाण्याबाहेर काढलं. मी तिथेच उभा होतो.

दवाखान्यात ठाकूर सरांनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, घाबरून पाय टेकवला, चूक माझीच. काठावरून कोणी काही ओरडलं का, तर म्हणालीस, पाण्याच्या आवाजात ऐकूच आलं नाही. त्यांनी अहवाल लिहिला, की ही मुलगी स्वतः सांगितलेला नियम स्वतःच मोडते, हिच्या हाती प्रवासी देता येणार नाहीत. तू पडल्या पडल्या त्यावर सही केलीस. मी शेजारीच बसलो होतो आणि गप्प राहिलो.

लाजेपोटी गप्प राहिलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण तू सही करत होतीस तेव्हा माझ्या मनात आलं, की झालं ते बरंच झालं, आता ही घरी येईल. सेलूच्या एका शाळेत तुझ्या नोकरीसाठी मी शब्दही टाकून ठेवला होता, तुला न विचारता. पोरीची नडगी मोडलेली, ती माझ्यासाठी खोटं बोलतेय आणि बापाला हे सुचतं! त्या नदीपेक्षा मला माझीच जास्त भीती वाटली, म्हणून पळून आलो. काल मी ठाकूर सरांना सगळं खरं लिहून, खाली सही करून रजिस्टर पोस्टाने पाठवलंय. तुला आधी विचारलं असतं तर तू पाठवू दिलं नसतंस. तुझं खोटं त्यात उघडं पडेल. रागाव, पण ते मागे घ्यायला मला सांगू नकोस. तू पुन्हा नदीत उतरावंस असं मला आजही वाटत नाही, बेटा. पण ते तू ठरव. काठावरून ओरडून मी ठरवायला नको.

तुझाच,
बाबा