काशीबाईने दिलेलं रक्त

मी, डॉ. किशोरी अनंत गवस, वय ६६, निवृत्त विषाणूशास्त्रज्ञ, राहणार काजरेवाडी, तालुका दोडामार्ग, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. देवेश परब यांनी दिला आहे. धाकटा भाऊ दत्तप्रसाद याचं मत वेगळं आहे. ते विचारात घेऊ नये.

१. वडिलोपार्जित घरातला माझा निम्मा हिस्सा भाची तन्वीला. अट एकच: काजूच्या हंगामात पडवीत गोचिडी दूर ठेवणारं तेल फुकट वाटावं. माकडताप गोचीड चावून येतो, आणि बिया वेचायला पातेऱ्यात, वाळक्या पानांच्या थरात, वाकणाऱ्यालाच आधी गाठतो.

२. बँकेतली सगळी ठेव काशीबाईची नात आकांक्षा हिच्या शिक्षणासाठी. कारण लिहिते. दहा वर्षांपूर्वी इथे तापाची साथ आली. बरे झालेल्यांच्या शरीरात त्या विषाणूची ओळख किती टिकते, हे तपासायला मी पुण्याहून रक्ताचे नमुने घ्यायला आले. देवळासमोर माझा सख्खा भाऊ ओरडला, "ही आमचा रगात नेवन विकतली!" माणसं उठून चालू लागली. तीस वर्षांच्या नोकरीत इतकी लाज वाटली नव्हती. तेवढ्यात तापातून नुकती उठलेली काशीबाई येऊन समोर बसली. "घे गो बाय. तापान मेलंय नाय, सुयेन काय मरतलंय?"

तिच्यामागे रांग लागली. पुढे सहा वर्षं ती दरसाल हात पुढे करत राहिली. लशीने शरीराला विषाणूचा कोणता भाग ओळखायला शिकवायचं, ते आम्हाला तिच्या रक्तातून कळलं. काही देऊ केलं तर म्हणाली, "माका नको. चेडवाक शिकव."

३. "काजूवाल्यांच्या तापाला बाजार नाही," असं म्हणून लशीसाठी निधी मागणारा आमचा प्रस्ताव दोनदा परत पाठवणाऱ्या समिती-सदस्यांना पाच किलो काजूबिया पाठवाव्यात. न भाजलेल्या. स्वतः सोलाव्यात; टरफलातल्या चिकाने बोटं पोळतात.

४. देह वैद्यकीय महाविद्यालयाला. रडारड नको, सुरमईचं जेवण घालावं.

५. दत्तप्रसादला काहीही नाही. लस माणसांवर तपासायची वेळ आली, तेव्हा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात स्वयंसेवकांच्या यादीत पहिलं नाव त्याचं निघालं. मला न सांगता गेला होता. विचारलं तर म्हणाला, "त्या दिसा गावाक मीच उठवलंय. आता बसवूक नको?"

हे कलम वाचून दाखवल्यावर तो म्हणाला, "माका कायच नाय?"

"साक्षीदाराक कायद्यान कायच मिळणा नाय."

"मगे पेन दी."

ठिकाण: काजरेवाडी. दिनांक: १२ मार्च २०२६.

सही: किशोरी अनंत गवस

साक्षीदार:
डॉ. देवेश परब
दत्तप्रसाद अनंत गवस (डावखुरा. काल डाव्या दंडावर लस टोचली, म्हणून सही वाकडी.)