पापडांची राखण आणि माझं ब्लडप्रेशर

२ मे १९७२, मंगळवार
कारखान्याच्या डॉक्टरांनी प्रेशर पाहिलं. १७०–११०. म्हणाले, मीठ तोडा. लोणचं, पापड, खारी मासळी बंद. केळी नि शहाळं घ्या, त्यातलं पोटॅशियम मिठाचा जोर उतरवतं. बावीस तारखेला पुन्हा तपासणी. दीडशेच्या खाली आलं तर सुपरवायझरची जागा माझी, नाहीतर लवू परबची. लवू! ज्याला रजेचा अर्ज धड लिहिता येत नाही. आजपासून मीठ बंद म्हणजे बंद.

३ मे
बायकोला, नलिनीला, सांगितलं, माझं अळणी कर. ती बरं म्हणाली. आमटी म्हणजे नुसतं पिवळं पाणी. पण गिळली. सकाळपासून दहादा मनगट धरून नाडी पाहिली. उतरतंय.

५ मे
स्टेशनबाहेर केळी घ्यायला गेलो. शेजारीच केळ्याचे वेफर्स तळत होते. केळं ते केळंच. वरचं मीठ झटकलं. बरंचसं.

७ मे, रविवार
जीव थाऱ्यावर नाही. बसलं तरी पाय हलतात. चाळीतल्या बायकांनी अंगणात पापड घातलेत. शेजारच्या अंजनाबाई म्हणाल्या, येरझाऱ्या घालता त्यापेक्षा राखणीला बसा. बसलो. पिठाची एक लाटी चाखली, कारण मीठ जास्त पडलंय का हे कुणीतरी सांगायला हवं. पडलं नव्हतं. खात्रीसाठी आणखी चार. डॉक्टर पापड म्हणाले होते. लाटी लाटल्याशिवाय पापड होत नाही.

११ मे
पावसाळ्याची बेगमी म्हणून मालवणहून खारा बांगडा आलाय. त्याला ऊन दाखवायचं. राखणीला अर्थात मीच. कावळ्याने एक टोचला. टोचलेला घरात कसा न्यायचा? अंजनाबाईंच्या चुलीवर भाजून घेतला. शहाळं राहिलंच.

१५ मे, दुपारी
डोकं ठणकतंय. मीठ अंगातून निघतंय, दुसरं काय! नलिनीला हे समजावलं. ती मान खाली घालून जेवत राहिली. हिला काय, हिच्या आमटीत मीठ आहे.

१९ मे
सुपरवायझरच्या सहीचा सराव केला. हात थरथरतोय. पेन बदलायला हवं.

२२ मे, सोमवार
१८६–११६. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. डॉक्टरांनी सोबत आलेल्या नलिनीचं मोजलं. ११८–७६. यंत्र ठीक आहे. काय जेवता, असं त्यांनी तिला विचारलं. म्हणाली, ह्यांना एकट्याला अळणी कसं वाढू? तीन आठवडे मीही तेच जेवतेय.

मला मान वर करवेना. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. जागा लवूला गेली.

वाटेत ती एवढंच बोलली, "चूक माझीच. मीच कावळ्याक राखणीक बसयलंय."

जेवताना मी उठून तिच्या पानात चिमूटभर मीठ वाढलं. तिने ते बोटाने पानाच्या पलीकडच्या कडेला सरकवलं, माझा हात पोचणार नाही असं.