माझ्या हाताखालच्या साठ बायकांची सुरक्षा

३ फेब्रुवारी २००३, सोमवार
आजपासून मी सेफ्टी अँड वेल्फेअर ऑफिसर. कालपर्यंत स्टोअरकीपर होतो, हे आता कोणाला आठवणारही नाही. सातपूरला तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं. सर्टिफिकेटवर 'वाल्मीक बोरस्ते'चं 'वाल्मिकी बोरसे' झालंय, पण शिक्का गोल आणि ठळक आहे. सोबत पिवळं हेल्मेट मिळालं. घालूनच घरी आलो. प्रतिभा म्हणाली, गाडी कुठे आपटली का?

निवडीचं कारण मालकांनी, म्हणजे अण्णांनी, स्वतः सांगितलं. इंग्लंडच्या दुकानवाल्यांना कागदावर एक सेफ्टीचा माणूस लागतो आणि स्टोअरमध्ये तुला तसंही फार काम नसतं. म्हणजे बरेच दिवस त्यांचं माझ्यावर लक्ष होतं.

१५ मार्चला ऑडिट आहे. पास झालो तर द्राक्षाची ऑर्डर एप्रिल संपेपर्यंत. नापास झालो तर पॅकहाऊस महिनाभर आधीच बंद आणि साठ बायका घरी. सगळं माझ्यावर आहे. झोप शांत लागेल असं वाटतं.

५ फेब्रुवारी
पहिलं लेक्चर. विषय : 'सुरक्षा ही एक मानसिक अवस्था आहे'. क्रेट पालथा घालून त्यावर उभा राहिलो. सव्वा तास बोललो. बायका टेबलांशी उभ्या राहून घडांमधले खराब मणी कात्रीने काढत होत्या, त्या काढतच राहिल्या. एकाग्रता वाखाणण्यासारखी.

शेवटी प्रश्न विचारा म्हणालो. तानुबाई म्हणून एक आहे, पन्नाशीची, वणीकडची, लाइनवर तिचाच शब्द चालतो. तिने विचारलं, कात्र्यांना धार कधी लावणार? संडासाला कडी कधी बसणार? अन् बारा तासांत घडीभर बसायला काही मिळंल का? तिन्ही प्रश्न विषयाला सोडून. सूचना योग्य मार्गाने आल्या पाहिजेत, असं समजावलं. ती म्हणाली, बरं भाऊ.

'साहेब' म्हणायची सवय लावावी लागेल.

७ फेब्रुवारी
योग्य मार्ग तयार केला. सूचनापेटी! लाल रंग, पितळी कुलूप, किल्ली फक्त माझ्याकडे. पेनसुद्धा दोरीला बांधून ठेवलं.

१० फेब्रुवारी
पेटी उघडली. कागद एकही नाही. आत निघालं ते असं : गंजलेली अर्धी कडी, टोक मोडलेली कात्री, बोटं फाटलेला एक हातमोजा. शिस्तच नाही. लोक पेटीला कचराकुंडी समजतात. पाटी लावली : 'येथे कचरा टाकू नये. फक्त सूचना टाकाव्यात.'

१३ फेब्रुवारी
पुन्हा उघडली. एक ओलाचिंब मोजा, डाव्या पायाचा. कोल्ड रूममध्ये पेट्या लावणाऱ्या चतुराबाईचा असावा, ती आज एकाच मोज्यावर फिरत होती. शिवाय माझी पाटी. घडी घालून.

लेखी तक्रारी : शून्य. अण्णांना रिपोर्ट दिला की कर्मचारी शंभर टक्के समाधानी आहेत. अण्णा म्हणाले, त्यातल्या निम्म्या जणींना लिहिता येत नाही रे. मी म्हणालो, उरलेल्या निम्म्यांनी तरी कुठे लिहिलंय?

१७ फेब्रुवारी, सकाळी ७.३०
हास्यक्लब सुरू. मन मोकळं तर काम सुरक्षित. मी समोर उभा राहून दोन्ही हात वर केले आणि अजून 'हा' म्हणायचा होता, तेवढ्यात सगळ्या हसायला लागल्या. दहा मिनिटं हसत होत्या. अंबूबाईला तर भिंतीचा आधार घ्यावा लागला. सातपूरच्या सरांनी सांगितलं होतं की पहिल्या दिवशी लोक लाजतात. इथे उलटंच!

नंतर भागीबाईने येऊन हळूच सांगितलं की हेल्मेट मागचं पुढे झालंय. तब्येतीने किरकोळ, बोलायला फार गोड बाई आहे. तिला सांगितलं, मुद्दामच तसं घातलंय.

२२ फेब्रुवारी
फायर ड्रिल. आठवडाभर तयारी केली होती. जमायची जागा आधीच ठरवून ठेवली : कंप्रेसर रूमच्या मागे कडुनिंबाखाली. सावली छान आहे. चुन्याने गोल आखला, 'असेंब्ली पॉइंट' लिहिलं. बायकांना मात्र काही सांगितलं नव्हतं, नाहीतर ड्रिलची मजा जाते.

दुपारी साडेतीनला भोंगा वाजवला. संपूर्ण इमारत एक मिनिट दहा सेकंदांत रिकामी! महाराष्ट्रात कुठे असा रेकॉर्ड असेल तर दाखवा. मी धावत गोलात जाऊन उभा राहिलो. पाच मिनिटं झाली. दहा झाली. कोणीच येईना.

आपल्याकडे भोंगा फक्त सुट्टीलाच वाजतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दृष्टीने विचार केला नव्हता. गेटवर टेम्पो उभाच होता. त्याचा ड्रायव्हर वाळू सगळ्यांना भरून दिंडोरीच्या पुढे पोचलासुद्धा.

चार टन माल टेबलांवर पडून. मी, अण्णा, वहिनी आणि ऑफिसचा क्लार्क अंधार पडेपर्यंत घड निवडत बसलो. बसलो म्हणजे उभेच होतो, बसायला काही नाही. अण्णा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. तेही बरंच, बोलले असते तर कामात खंड पडला असता.

माझी दोन बोटं कापली. कात्र्या फारच बोथट आहेत, दाबून दाबून घसरतात. आश्चर्य आहे. इतक्या दिवसांत कोणी सांगितलं कसं नाही?

२४ फेब्रुवारी
माझ्या निरीक्षणामुळे अण्णांनी पन्नास नव्या कात्र्या मागवल्या. तानुबाईला म्हणालो, बघा, लक्ष ठेवणारा माणूस असला की कसा फरक पडतो. ती माझ्या बोटांच्या पट्ट्यांकडे बघून म्हणाली, आता दोन दिवस कोल्ड रूममधी पेट्या लावून बघा भाऊ. मोज्यांचंबी होऊन जाईल.

काय म्हणायचं होतं ते कळलं नाही. विचारायचं राहून गेलं.

१ मार्च
प्रथमोपचार. पेशंट मीच झालो, कारण नेत्याने आधी स्वतः करून दाखवावं. चतुराबाई आणि अंबूबाईने मला स्ट्रेचरवर झोपवलं आणि पेट्या बांधायच्या पट्टीने बांधलं. पकड उत्तम. हलतासुद्धा येत नव्हतं. तेवढ्यात कंटेनर आला म्हणून मला टेबलाखाली सरकवून सगळ्या तिकडे धावल्या.

पाऊण तास टेबलाखाली होतो. एकदा भागीबाई वाकून विचारून गेली, पाणी पाहिजे का? ड्रिल चालू असताना पेशंटने बोलायचं नसतं. मान हलवली. ती तिने 'हो' समजून पाणी पाजलं, ते कानात गेलं.

मध्ये प्रतिभाचा फोन आला होता. क्लार्कने सांगितलं की साहेबांना बांधून ठेवलंय. तिने एवढंच विचारलं म्हणे, संध्याकाळपर्यंत सोडतील ना?

संकल्प : यापुढे सुरीशिवाय कुठे झोपायचं नाही.

८ मार्च, महिला दिन
प्रत्येकीला एक गुलाब दिला आणि 'स्त्री आणि ताणतणाव' यावर बोललो. पन्नास मिनिटं. पंचेचाळिसाव्या मिनिटाला भागीबाई टेबलाशीच खाली बसली. बसली नाही, कोसळली. पहाटे सहापासून उभी होती, पोटात काही नव्हतं. तानुबाईने मला बाजूला केलं, क्रेट पालथा घातला, तिला बसवून गूळपाणी दिलं. मग आणखी क्रेट पालथे घालत गेली आणि सगळ्याच जणी बसल्या.

पुढची पाच मिनिटं श्रोतृवर्ग बसलेला होता. ही उत्स्फूर्त व्यवस्था मला आवडली.

भागीबाईचा चेहरा पांढरा पडला होता. गुलाब मात्र तिने हातातून सोडला नव्हता. घरी येऊन नीट जेवण गेलं नाही. ऊन वाढलंय.

१३ मार्च
(माझ्या डोळ्यांना पट्ट्या आहेत. प्रतिभाला सांगून लिहून घेतोय. मी सांगेन तेवढंच लिहायचं असं ठरलंय.)

काल सकाळी दहा-वीसला कंप्रेसर रूममधला अमोनियाचा पाइप लीक झाला. अमोनियावरच आपली कोल्ड रूम थंड होते. वास असा की नाकात मिरच्या कोंबल्यासारखं. मी क्षणाचाही विलंब न लावता हजेरीबुक घेतलं आणि असेंब्ली पॉइंटवर पोचलो.

असेंब्ली पॉइंट कंप्रेसर रूमच्या मागेच आहे हे वर आलंच आहे.

तानुबाई आधी नाशिकला बर्फाच्या कारखान्यात सात वर्षं होती, हे मला काल कळलं. तिने सगळ्यांना पदर ओले करून तोंडाला लावायला सांगितले, वारा कुठून येतोय ते पाहिलं आणि समोरच्या अंगाने साठही जणींना रस्त्यापलीकडच्या कांद्याच्या शेतात नेलं. कोणी धावलं नाही, कोणी पडलं नाही. मेकॅनिकला व्हॉल्व्ह बंद करायला पाठवलं. मग मोजलं. बायका साठ भरल्या. साहेब भरेना.

मी गोलात उभा राहून हजेरी घेत होतो. पहिल्या सात नावांपुढे गैरहजर लिहिलं. आठव्याला दिसेनासं झालं. डोळ्यांत निखारे, छातीत हवा जाईना. खरं सांगायचं तर घाबरलो होतो. (हे वाक्य खोडायला सांगितलंय. मी खोडणार नाही. – प्रतिभा)

तेवढ्यात जवळून आवाज आला.

"भाऊ, डोळे मिटा अन् माझा पदर धरा."

"अजून त्रेपन्न नावं राहिलीत," मी म्हणालो.

"ती समदी तिकडं कांद्यात बसलीत. तुमीच राह्यले. चला."

पदर धरला. ओला होता, थंड होता. कांद्याच्या वाफ्यापर्यंत सोडला नाही. एकूण जखमी : एक.

तानुबाईला पुढे चालू देण्याचा निर्णय माझाच होता. (हसू आवरत नाहीये. – प्रतिभा)

१५ मार्च, शनिवार
ऑडिट. पट्ट्या निघाल्या, काळा चष्मा लागला. इंग्रजीत स्वागताचं भाषण पाठ केलं होतं, पण ऑडिटर पुण्याच्या स्नेहल मॅडम निघाल्या, मराठीच बोलल्या आणि माझ्या ऑफिसात न येता थेट बायकांच्या टेबलाशी गेल्या. अण्णांना आणि मला दाराबाहेर थांबायला सांगितलं. दार पूर्ण लागत नाही, त्यामुळे ऐकू येत होतं.

मॅडमनी विचारलं, इथे सेफ्टी कोण बघतं? फटीतून पाहिलं तर सगळ्या तानुबाईकडे बघत होत्या. मग तानुबाईने मॅडमना सगळं फिरून दाखवलं. कडी नसलेलं दार, ओले मोजे, पालथे क्रेट, कंप्रेसरमागचा चुन्याचा गोल. गोलापाशी मॅडम बराच वेळ उभ्या होत्या.

मी अण्णांना म्हणालो, कामगारांना बोलतं करणं हा माझ्या ट्रेनिंगचाच भाग होता. अण्णा म्हणाले, वाल्मीक, गप बस.

परत आल्यावर मॅडमनी विचारलं, आणि हे ऑफिसर?

तानुबाईने थोडा विचार केला. "मानूस वाईट नाय, मॅडम," ती म्हणाली. "कालपरवा मरत व्हता, तरी आमची नावं वाचीत व्हता. फक्त आईकत नाय. आईकायला लागला तर लय कामाचा हाय."

चष्म्याच्या आत डोळ्यांत पाणी आलं. अमोनियाचा परिणाम आठवडाभर राहतो असं डॉक्टर म्हणालेच होते.

२४ मार्च
रिपोर्ट आला. पास! अटी घालून, पण पास. ऑर्डर एप्रिल संपेपर्यंत. अटी अशा : साठ स्टुलं, संडासाला आतून कडी, कोल्ड रूमवाल्यांना गमबूट आणि जॅकेट, असेंब्ली पॉइंट रस्त्यापलीकडे. मी गेले दोन महिने नेमकं ह्याच दिशेने विचार करत होतो.

सेफ्टी प्रतिनिधी म्हणून नाव लिहिलंय तानुबाईंचं. अण्णांनी पगार वाढवून दिला आणि पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. त्यांना लिहिता येत नाही, तेव्हा कागदपत्रं मी सांभाळायची. म्हणजे खातं माझ्याकडेच राहिलं असं म्हणता येईल. स्टुलं आली तेव्हा भागीबाई पहिल्यांदा बसली, परत उठली, परत बसली. मग मला म्हणाली, तुमीबी बसून बघा भाऊ. बसलो. उंची बरोबर आहे.

शेवटची अट जरा मोघम आहे : 'संबंधित अधिकाऱ्यास प्रत्यक्ष कामाचे प्राथमिक प्रशिक्षण द्यावे.' ते देणार तानुबाई. मी अभ्यासक्रम मागितला. त्या म्हणाल्या, आभ्यास नाय, फडकं आणा घरून.

२५ मार्च, सकाळी ५.१५
पहिला दिवस. विषय : ओली फरशी कोरडी करणे, म्हणजे कोणी घसरणार नाही. सर्टिफिकेट नाही. प्रतिभाने जुनं धोतर फाडून फडकं दिलं आणि डबा दिला. बॅच खास आहे, त्यात मी एकटाच. बाकीच्या साठ जणींना ते येतं.