कासाराच्या ओट्यावरचा मॉल

॥ श्री ॥
देवास, १४ नोव्हेंबर १९९८

ती. सौ. सुमंगलाताईस, धाकट्या रत्नाकरचा साष्टांग नमस्कार वि. वि.

इकडे सर्व खुशाल. ताई, काल मी मैदान मारलं! चौकातल्या बावीस दुकानांची ओळ पाडून जागेचे शेठ तिथं मॉल बांधणार आहेत. एका छताखाली सगळा बाजार, सरकता जिना, थंड हवा. दुकानदार पिढीजात भाडेकरू. संमतीच्या कागदावर कुणी सही करेना. कॉलेजातल्या प्राध्यापकाचं गाव ऐकतं म्हणून शेठ माझ्याकडे आले. मी विठोबा कासाराच्या ओट्यावर चढलो आणि तासभर बोललो. पत्र्याखाली भिजत बसणं ही परंपरा नव्हे, लाचारी आहे, असं ठणकावलं. प्रत्येकाला तळमजल्यावर, रस्त्याकडे तोंड असलेलं पक्कं दुकान मिळेल, हा माझा शब्द आहे, असंही सांगितलं. टाळ्या थांबेनात. पहिली सही विठोबाची. आपल्या माळवी थाटात म्हणाला, भिया, कागद आपण नाही वाचला, तुम्हाला ऐकलं, बस. मागोमाग उरलेले एकवीस.

भाऊजींना नमस्कार. माया आहेच, तीत कौतुकाची थोडी भर घालावी.

तुझा रत्नाकर

॥ श्री ॥
धार, २२ नोव्हेंबर १९९८

चि. रत्नाकर यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. हे म्हणाले, पाकिटाला कान लाव, अजून टाळ्या चालू असतील. चेष्टा सोड, पण एक सांग. विठोबानं कागद वाचला नाही. तू तरी वाचलास का? एवढी पुस्तकं वाचतोस म्हणून विचारते.

माझ्या लग्नाचा चुडा त्यानंच भरला. आधी माझा पंजा हातात घेऊन दाबत बसला, हाडांचा अंदाज आला तेव्हाच टोपलीला हात घातला. एक बांगडी वाढवली, तर माझ्याआधी तोच हळहळला. सगळ्या भरून झाल्यावर आईनं मला त्याला वाकून नमस्कार करायला लावला, तेव्हा त्याचे डोळे भरले होते. आमची अवंती दहावीत आहे, मराठी वाचताना अडखळते, पण आपला चुडा विठोबाकाकाच भरणार हे तिला पाठ आहे. ती जबाबदारी तुझी.

असाच बोलत राहा, पण अधूनमधून आमचंही ऐक.

तुझी ताई

॥ श्री ॥
देवास, ९ ऑगस्ट २००१

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. मॉलचं विचारलंस. पाया खोदून ठेवलाय, सध्या त्यात पाणी आहे, होईल. विठोबा मजेत आहे. बसस्टँडजवळ टोपली घेऊन बसतो असं कळलं. मी हल्ली कॉलेजला लांबच्या रस्त्यानं जातो, स्कूटरला तेवढाच व्यायाम.

बाकी ठीक. आठवण ठेवावी.

तुझा रत्नाकर

॥ श्री ॥
धार, ३ फेब्रुवारी २००४

चि. रत्नाकर यास आशीर्वाद.

अवंतीच्या लग्नाला वीस दिवस उरले. चुड्यासाठी आम्ही दोघी देवासला येतो म्हटलं, तर तू लिहिलंस दगदग नको, पाठवतो. परवा डबा आला. प्लास्टिकचा, वर मॉलचं नाव, आत सगळ्या बांगड्या एका मापाच्या. अवंतीनं घालून बघितल्या, हात खाली केला की गळून पडतात. सोबत तुझी चिठ्ठी, की विठोबानं आशीर्वाद सांगितलेत.

रत्ना, ज्यानं उभ्या जन्मात हात चाचपल्याशिवाय बांगडी दिली नाही, तो डबा पाठवील? तू विठोबाकडे गेलाच नाहीस. बारशापासून तुला ओळखते. काय झालंय ते लिही.

तुझी ताई

॥ श्री ॥
देवास, ७ फेब्रुवारी २००४

ती. ताईस,

नमस्कार करायलाही हात धजत नाही.

मी कागद वाचला नव्हता. त्यात लिहिलं होतं, उपलब्धतेनुसार जागा. तळमजला बाहेरच्या मोठ्या दुकानांना गेला. विठोबाला दुसऱ्या मजल्यावर, जिन्यामागचा कोपरा मिळाला. सरकता जिना महिन्याभरात बंद पडला. त्याच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या बायका तिथवर चढेनात. आठ महिन्यांत त्यानं शटर ओढलं. आता घरीच असतो म्हणतात. बघायला मी गेलो नाही.

आणि याहून वाईट ते सांगतो. उद्घाटनाला मला शाल-श्रीफळ दिलं. तेव्हा तळमजल्याचं मला सगळं ठाऊक होतं. तरी मी शाल पांघरली आणि वीस मिनिटं प्रगतीवर बोललो. विठोबा तिसऱ्या रांगेत होता. टाळ्या वाजवत होता. मी बोलतोय म्हणून वाजवत होता, ताई! त्या टाळ्या मला झोपू देत नाहीत.

मी ठरवलंय. पुढच्या रविवारी मॉलच्या पायऱ्यांवर उभा राहून गावासमोर सगळं कबूल करतो. असं बोलेन की शेठच्या भिंती हादरतील.

तुझा अपराधी
रत्नाकर

॥ श्री ॥
धार, ११ फेब्रुवारी २००४

चि. रत्नाकर,

म्हणजे पुन्हा भाषणच! लोक पुन्हा टाळ्या वाजवतील, तू मोकळा होशील, आणि विठोबा घरीच बसेल. पायऱ्या चढायच्याच असतील तर त्याच्या घराच्या चढ. शेठशी भांडायचं ते नंतर, आणि कागद वाचून.

अवंतीनं डबा परत बांधून ठेवलाय. म्हणते, विठोबाकाका आले नाहीत तर मी खाली हाथच, बांगड्यांवाचून, मांडवात बसेन. पोरगी मामावर गेलीय.

तुझी ताई

॥ श्री ॥
देवास, १६ फेब्रुवारी २००४

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

गेलो. पाठ करून नेलेल्यातलं एकही वाक्य आठवेना. विठोबानं पाट सरकवला, म्हणाला, भिया, बसा. मग विचारलं, पोरीचा हात केवढा? ज्या भाचीला बोट धरून चालवलं तिच्या हाताचं माप मला सांगता आलं नाही. माझी क्षमायाचना त्यानं ऐकून घेतली आणि टोपली पुसायला घेतली.

एवढंच म्हणाला की पोरीसाठी येईन, तुमच्यासाठी नाही. विसाव्या तारखेच्या सकाळच्या बसनं आम्ही निघतो. टोपली मांडीवर मी धरणार आहे. त्याची एकच अट आहे. धार येईपर्यंत भियानं एक शब्द बोलायचा नाही.

मी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि नुसती मान हलवली.

दारात आम्ही दोघं दिसलो की आधी त्याला पाणी दे. मग उरलं तर मला.

तुझा रत्नाकर